पाण्यात न थांबणारी माशी

साल १८५४. बॉल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचं इंजिन ॲलेगेनीच्या डोंगरात धापा टाकत चढतंय आणि तुम्ही त्याच्या मागच्या टेंडरवर अंग चोरून बसला आहात. एका बाजूला जळणाचा ढीग, दुसऱ्या बाजूला इंजिनाची पाण्याची टाकी. नाकातोंडात धूर, डोळ्यांत काजळी. टाकीचं झाकण उचलून आत वाका. पाण्यात एक पत्र्याची बादली सोडलेली आहे, तिला सगळीकडून भोकं पाडलेली आहेत, आणि गाडीच्या हिसक्यांबरोबर टाकीतलं पाणी तिच्यातून आरपार खळाळतंय. बादलीत मासे आहेत, आणि ते जिवंत आहेत.

हे स्मॉलमाउथ बास. मूळचे डोंगराच्या पश्चिमेचे, ओहायो नदीच्या खोऱ्यातले. पूर्वेला उतरून अटलांटिकला मिळणाऱ्या पोटोमॅकमध्ये हा मासा कधीच नव्हता. रेल्वे व्हीलिंग गावाला पोचली १८५३ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या विल्यम श्रायव्हर यांनी ही बादली इंजिनावर चढवली. लाखो वर्षं जो डोंगर माशांना ओलांडता आला नाही, तो आता वाफेच्या जोरावर ओलांडला जातोय. मेरीलँडमधल्या कंबरलंडला गाडी थांबते, बादली खाली उतरते आणि मासे कालव्याच्या हौदात सोडले जातात. तिथून ते नदीत जातील, नदीबरोबर खाली पसरतील, आणि काही वर्षांत हार्पर्स फेरीच्या खडकांतून गळाला लागू लागतील. पोटोमॅकमध्ये आधीपासून राहणाऱ्या माशांचं काय होईल, हा प्रश्न त्या काळी कुणी विचारला नाही. आज कुणी असं करू धजलं तर त्याला कायदा आडवा येईल, आणि यायलाच हवा. पण पुढची सगळी गोष्ट याच बादलीतून निघाली आहे.

हात ओला करा आणि एक मासा अलगद उचलून बघा. कोरड्या हातानं धरला तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो. अंग कांस्याच्या रंगाचं, त्यावर उभे काळपट पट्टे, डोळा लालसर. वरच्या जबड्याचं टोक डोळ्याखाली संपतं. याचा मोठ्या तोंडाचा भाऊबंद लार्जमाउथ, त्याचा जबडा डोळ्याच्या मागे जातो. लार्जमाउथला संथ पाणी आणि पाणवनस्पती लागतात. याला हवे दगड, स्वच्छ पाणी आणि वाहता प्रवाह. आणि माशी, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेलं नकली आमिष, बांधणाऱ्याच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे याचं पोट. हा तळावरच्या दगडांतून झिंग्यासारखे नांगीवाले क्रेफिश उचकून खातो, मधल्या पाण्यात छोट्या माशांच्या थव्यात घुसतो, आणि संध्याकाळी वर येऊन पृष्ठभागावरचे किडे टिपतो. तीन थरांत जेवणारा मासा. त्यामुळे कोणती माशी घ्यायची, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न येतो: या क्षणी तो कुठल्या थरात बघतोय?

हा प्रश्न विचारायला माणसाला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

आता पुढे या. साल १८९२, व्हर्मोंट राज्यातलं मँचेस्टर गाव. ऑर्व्हिस कंपनीच्या माश्या बांधायच्या विभागात या. इथे बायका काम करताहेत आणि त्यांच्या प्रमुख आहेत कंपनीच्या मालकांची मुलगी, मेरी ऑर्व्हिस मार्बरी. टेबलावर रंगवलेली पिसं, रेशीम, सोनेरी जर आणि गळ. गळाला नेढं नाही. त्याच्या दांडीवर रेशीमकिड्याच्या ग्रंथीतून ओढून काढलेली चिवट तात घट्ट गुंडाळून बसवायची, मग तिच्यावर अंग, मग मान, मग पंख. मेरीबाईंनी देशभरातल्या मासेमारांना पत्रं लिहून विचारलं होतं, तुम्ही कुठल्या नदीवर कोणती माशी वापरता. दोनशेहून अधिक उत्तरं आली. त्या पत्रांचं आणि रंगीत चित्रांचं जाडजूड पुस्तक याच वर्षी निघालंय. त्याआधी एकच माशी दहा गावांत दहा नावांनी विकली जायची. या बाईंनी नावं लावून दिली, रंग ठरवून दिले, आणि त्यांचं ऋण आजही कुठल्याही दुकानाच्या यादीवर आहे.

पुस्तकातलं बासच्या माश्यांचं पान उघडा. मोठे पंख, भडक रंग. लॉर्ड बॉल्टिमोर नावाची एक माशी बघा: नारिंगी अंग, काळे पंख, सरदारघराण्याच्या रंगांवरून जुळवलेली. बोटांत धरून फिरवली की नजर हटत नाही, इतकी देखणी. पण पोटोमॅकच्या तळातला कुठला जीव असा दिसतो? एकही नाही. ती माशी माणसाच्या डोळ्यासाठी बांधलेली आहे. बास ती खातो, कारण बास धीट आहे आणि समोर काही हललं की एकदा तोंड मारून बघतो. या पानावरच्या कारागिरीबद्दल मला नितांत आदर आहे, पण तिच्यात नदी नाही.

यानंतरची काही दशकं झपझप ओलांडा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेनेसीतल्या चॅटनूगाचा अर्नेस्ट पेकिनपॉ बुचाचा तुकडा गळावर बसवतो आणि बाससाठी तरंगणारा ‘बग’ तयार होतो. दोरी खेचली की बूच पाण्यावर डुबुक वाजतं आणि खालचा मासा चवताळून वर येतो. पृष्ठभागाचा थर असा हाती लागला.

आता सप्टेंबर १९४७. हार्पर्स फेरी. शेनँडोआ इथे पोटोमॅकला मिळते, दोन्ही बाजूंनी डोंगर कडे टाकून उभे आहेत, आणि तुम्ही एका होडीत बसला आहात. तुमच्याबरोबर दोघं आहेत. एक बावीस वर्षांचा तरुण, बर्नार्ड क्रे. डावखुरा, म्हणून सगळे त्याला लेफ्टी म्हणतात. युरोपातल्या लढाईतून परतलेला, शेजारच्या फ्रेडरिक गावचा, आणि या नदीचा दगडन् दगड ओळखणारा. दुसरे त्याच्यापेक्षा वयानं बरेच मोठे, जो ब्रुक्स, मासेमारीवर लिहिणारे. लेफ्टीच्या हातात आखूड काठी आणि जड आमिष. जोंच्या हातात लांब, लवचीक फ्लाय रॉड. यात आमिषाला वजन नसतं. वजन असतं ते जाड दोरीला. दोरी हवेत पुढे-मागे उलगडायची, आणि माशी तिच्या टोकाला नुसती ओढली जाते.

पाण्याकडे बघा. मेरीलँडच्या काठाकडून व्हर्जिनियाच्या काठाकडे काहीतरी उडत चाललंय. पहिला पाऊस पडून गेल्यावर आपल्याकडे दिव्याभोवती पंखवाली पाखरं घोंघावतात ना, तशा या पंख फुटलेल्या मुंग्या आहेत. नदी रुंद आहे, पंख दुबळे आहेत. कित्येक मध्येच पाण्यात पडताहेत. पाण्याच्या पातळ त्वचेत मुंगी अडकते, पाय झाडते, तिच्याभोवती लहानसं वलय उमटतं. मग तिच्याखाली सावली येते आणि पृष्ठभाग नुसता जरासा चोखल्यासारखा होतो. उसळी नाही की फवारा नाही. एवढ्या दांडग्या माशाचं एवढं हळुवार खाणं बघून तुम्ही दचकता.

जो दोरीच्या टोकाला छोटी काळी माशी बांधतात. दोरी हवेत उलगडते, माशी वलयाच्या कडेला उतरते आणि बास लागतो. सोडला. पुन्हा फेक, पुन्हा मासा. लेफ्टीच्या चेहऱ्याकडे बघा. त्याच्या पेटीतलं प्रत्येक आमिष त्या मुंगीच्या कितीतरी पट मोठं आहे. नदी आज काय खाऊ घालतेय हे त्यालाही दिसत होतं, पण ते गळाला लावायची सोय त्याच्याकडे नव्हती. दुसऱ्या दिवशी तो बॉल्टिमोरला जातो, टॉक्टरमन्स नावाच्या जुन्या दुकानात, आणि जोंच्या सल्ल्यानं पहिला फ्लाय रॉड घेतो. पुढे सत्तर वर्षं हा माणूस जगभर माशी फेकायला शिकवणार आहे. त्याच्या नावाच्या ‘लेफ्टीज डिसिव्हर’ या माशीचं चित्र १९९१ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटावर येईल. एका दिवशी थोड्या मुंग्या वाट चुकून पाण्यात पडल्या, त्यातून एवढं उभं राहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियात क्षणभर थांबा. नदीच्या उथळ, खळाळत्या भागात एक दगड उलटा. खाली चिकटलेली काळी, बोटाएवढी, चिमटेवाली, अंगाच्या दोन्ही कडांना पायांसारखे तंतू असलेली अळी दिसेल: डॉब्सनफ्लायची अळी, तिकडे हेलग्रामाइट म्हणतात. हाताळताना जपून, कडकडून चावते. बास तिच्यासाठी वेडा होतो. रसेल ब्लेसिंग यांनी तिच्यासाठी एक माशी बांधली: शेपटीला माराबूचं मऊ पीस, अंगाला गुंडाळलेला शेनिल नावाचा लवदार धागा, आणि त्यावरून कोंबड्याच्या मानेचं पीस वेढे देत आणलेलं. दिसायला ती अळी नाहीच. पण पाण्यात टाका आणि बघा: माराबू श्वास घेतल्यासारखं फुलतं, मिटतं. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीनं तिचं नाव ठेवलं ‘वूली बगर’. आज ट्राउट मासे धरणारे ती आपलीच समजतात, पण ती जन्मली बाससाठी.

इथे काहीतरी मोठं घडलंय. १८९२ मध्ये माशीचं रूप माणसानं आपल्या आवडीनं ठरवलं होतं. १९४७ मध्ये ती पाण्यातल्या किड्यासारखी दिसली. १९६७ मध्ये ती तशी दिसायचंही सोडते आणि तशी हलायला लागते. आता फक्त वजनाचा प्रश्न उरला आहे. त्यासाठी सस्क्वेहाना नदीवर चला.

१९८०च्या दशकाचा मध्य. मिडलटाउन गाव, हॅरिसबर्गच्या खाली. नदी इथे जवळजवळ मैलभर रुंद आणि बऱ्याच ठिकाणी कमरेएवढी उथळ. तळात खडकाच्या आडव्या कडा एकामागून एक पसरलेल्या. नदीतल्या बेटावर थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राचे अवाढव्य शीतमनोरे उभे आहेत. १९७९ चा अपघात अजून गावाच्या बोलण्यात आहे. या गावात बॉब क्लाउझर यांचं माशीचं दुकान आहे. आधी मांसाच्या दुकानात सुरी चालवलेला हा माणूस उन्हाळ्यात लोकांना होडीतून बासच्या मागे नेतो, आणि त्यामुळे रोज पाण्यात वाकून बघतो.

त्यांच्या शेजारी वाकून तुम्हीही बघा. खडकाच्या कडेआड बोटभर लांबीचे छोटे मासे आहेत. बास जवळ आला की ते पळतात, तळाकडे सूर मारतात, पुन्हा पळतात. घाबरलेला छोटा मासा कधीच जागच्या जागी लटकत नाही. पण तेव्हाच्या माश्या लटकायच्या. दोरी खेचली की पुढे, थांबलात की पाण्यात नुसत्या तरंगत. मागे लागलेला बास शेवटच्या क्षणी बघायचा, ही वस्तू थांबली आहे, आणि वळून जायचा. क्लाउझर यांनी गळाला शिशाचे मणी दाबून बघितले होते. पुढचा भाग जड झाला, काम थोडं झालं. मग अर्कान्सासमधल्या वॅप्सी कंपनीच्या टॉम श्मकर यांनी नवा माल पाठवला: शिशाचे डोळे. मधे आखूड दांडी, दोन्ही टोकांना गोल गोळे, व्यायामाच्या डंबेलसारखे. वजन साधारण ग्रॅमभर.

आता बसा आणि बांधा. व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंजात, गळ आवळा. टेबलावरचा दिवा जवळ ओढा. बॉबिनमधला दोरा नेढ्याजवळून सुरू करून दांडीवर वेढे देत मागे न्या; हा दोऱ्याचा पाया नसला तर पुढचं सगळं फिरतं. नेढ्यापासून दांडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर शिशाचे डोळे आडवे ठेवा आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरके वेढे द्या, एकदा या बाजूनं, एकदा त्या. मग डोळ्यांखालून, दांडीवरून आडवे वेढे, म्हणजे तिरके दोरे आवळले जातात. बोटानं डोळे पिळून बघा. हलले तर उलगडा आणि पुन्हा बांधा. इथे केलेली कसूर नदीत पहिल्याच दगडावर उघडी पडते.

आता बकटेल, पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे केस. चिमूटभर पांढरे केस कापा आणि मुळाकडची लव बोटांनी विंचरून काढा. ती राहिली तर माशी फुगते. डोळ्यांच्या पुढे केस बांधा, दोन गोळ्यांच्या मधल्या खाचेतून मागे घ्या, डोळ्यांच्या मागे पुन्हा बांधा. दोरा पुढे आणा. आता गळ व्हाइसमध्ये उलटा करा, टोक वर. कारण पाण्यात हे वजनदार डोळे माशीला उलटी करणार, टोक आकाशाकडे राहणार आणि खडकाच्या फटीत ती सहसा अडकणार नाही. या बाजूला चकचकीत धाग्याचे थोडेच तंतू, आणि त्यांच्यावर पिवळट हिरव्या, म्हणजे शार्ट्रूज रंगाच्या केसांची दुसरी चिमूट. नेढ्यामागे दोऱ्याचं निमुळतं डोकं करा, गाठ मारा, वार्निशचा थेंब सोडा. उजेडासमोर धरा. केसांतून पलीकडचा दिवा दिसायला हवा.

फेकताना मात्र सावध. हलक्या माशीच्या सवयीनं दोरीचा वळसा अरुंद काढलात तर हे शिसं थेट डोक्यामागे लागेल. हात सावकाश, वळसा मोठा. माशी कडेच्या वरच्या अंगाला पडू द्या. एक झटका: ती पुढे सुळकन जाते. थांबा: ती नाक खाली करून सूर मारते. झटका, सूर, झटका, सूर. एका सुरात दोरी किंचित आडवी सरकते. तुम्हाला काही जाणवत नाही, नुसतं दिसतं. खेचा. काठी मुठीपर्यंत वाकते, मासा प्रवाहाच्या मध्याकडे धावतो, आणि मग सगळा कांस्यरंग पाण्याबाहेर येऊन डोकं झटकतो. तो थांबल्या माशीला लागला नाही. पडत्या माशीला लागला.

लेफ्टी क्रे यांना ही माशी मिळाली, त्यांनी तिला ‘क्लाउझर डीप मिनो’ नाव दिलं आणि १९८९ मध्ये तिच्यावर लेख लिहिला. नंतर ती समुद्रात गेली, आणि लेफ्टींनी एकट्यानं तिच्यावर ऐंशीहून अधिक जातींचे मासे धरले. हिमालयातून उतरणाऱ्या आपल्या नद्यांवर महासीरच्या मागे जाणाऱ्यांच्या डबीतही ती असते.

आता आजच्या नदीवर उभे राहा आणि डबी उघडा. आधी पाण्यात हात घाला, थर्मामीटर असेल तर उत्तम. पाणी दहा अंशांच्या खाली असेल तर मासा खोल आणि आळशी आहे. जड डोळ्यांची माशी घ्या आणि तळाशी इतकी सावकाश सरकवा की कंटाळा यावा. वसंतात पाणी पंधरा-सोळा अंशांवर आलं की नर खड्यांत खळगा करून अंड्यांची राखण करतो. तेव्हा तो काहीही चावतो, भुकेनं नव्हे, रागानं. त्याला तिथून उचलला की क्षणात इतर मासे अंड्यांवर तुटून पडतात. या दिवसांत खळग्यावरच्या नराच्या पुढ्यात माशी टाकू नये, असं माझं ठाम मत आहे, मग नियम काहीही असोत.

उन्हाळ्यात तळाचा थर. तपकिरी आणि नारिंगी क्रेफिश घ्या, पण तो बांधलाय कसा ते आधी बघा. घाबरलेला क्रेफिश शेपटी आपटत मागच्या मागे पळतो, म्हणून नांग्या गळाच्या वाकाकडे हव्यात आणि शेपटी नेढ्याकडे. उलटा बांधलेला क्रेफिश नदीत पळताना कुणी बघितलेला नाही, बासनं तर नाहीच. जुलैअखेर ते ऑगस्टच्या संध्याकाळी पोटोमॅक आणि सस्क्वेहानावर पांढऱ्या मेफ्लायचे थवे उठतात, पुलावरच्या दिव्यांखाली त्यांचे थर साचतात. तेव्हा शिसं डबीत परत ठेवा आणि छोटी पांढरी तरंगती माशी बांधा, जो ब्रुक्स यांनी काळी बांधली होती तशी. पाणी गढूळ असेल तर काळा रंग, त्याची आकृती उठून दिसते. पाणी नितळ आणि शरद ऋतूचा गारवा असेल, छोटे मासे थव्यानं फिरत असतील, तर पांढरा-शार्ट्रूज क्लाउझर.

आणि तो दुकानातून विकत घेतला असेल तर आधी उजेडासमोर धरा. बहुतेकदा पलीकडचं काही दिसणार नाही, कारण भरगच्च माशी गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखी वाटते. जास्तीचे केस पाणी अडवतात, शिसं खाली जात नाही, आणि माशी पुन्हा लटकायला लागते. कात्री घ्या आणि नदीत उतरण्याआधी निम्मे केस कापून टाका.